पिंगयाओ : तटबंदीआडचे पेढ्यांचे गाव

एका शहरात रक्कम भरावी, कागदाचा एक तुकडा घ्यावा आणि शेकडो कोस दूर असलेल्या दुसऱ्या शहरात तो दाखवून तेवढीच रक्कम उचलावी, हा व्यवहार बँकेच्या ग्राहकांना नवा नाही. धनाकर्ष ही त्याची अलीकडची ओळख. त्यापूर्वी कित्येक शतके भारतातील सराफ आणि सावकार हुंडीच्या रूपाने हेच काम करीत असत. चीनमध्ये हा व्यवसाय ज्या गावातून देशभर पसरला, ते गाव आजही आपल्या तटबंदीसह उभे आहे. उत्तर चीनमधील शान्शी प्रांतातील या गावाचे नाव पिंगयाओ.

बीजिंगचा राजवाडा आणि चीनची भिंत पाहून परतणाऱ्या भारतीय पर्यटकांच्या कार्यक्रमात पिंगयाओचे नाव क्वचितच आढळते. बँकिंगशी ज्यांचा या ना त्या नात्याने संबंध आहे, अशा वाचकांना मात्र हे गाव विशेष जवळचे वाटेल. तेथे जाण्यापूर्वी गावाचा इतिहास, प्रवासाची पूर्वतयारी आणि स्थानिक रीतिरिवाज यांची माहिती असणे उपयुक्त ठरते.

रंगाच्या दुकानातून पेढीकडे

पिंगयाओचा सध्याचा तट मिंग राजवटीत, इ. स. १३७० मध्ये बांधला गेला. आत ठासलेली माती आणि बाहेरून विटांचे आवरण, अशी त्याची रचना आहे. लांबी सुमारे सहा किलोमीटर. पूर्वेस व पश्चिमेस दोन-दोन आणि उत्तरेस व दक्षिणेस एक-एक असे सहा दरवाजे आहेत. या रचनेमुळे स्थानिक लोक गावाला कासवाची उपमा देतात. चिनी परंपरेत कासव हे दीर्घायुष्याचे प्रतीक मानले जाते. तटावर ७२ बुरूज आणि ३,००० चऱ्या असून, त्या कन्फ्यूशियसच्या ७२ ज्ञानी शिष्यांच्या व ३,००० अनुयायांच्या स्मरणार्थ आहेत, अशी समजूत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावात रंगांचा व्यापार करणारी शीयुछंग नावाची पेढी होती. तिची एक शाखा बीजिंगमध्ये होती. बीजिंगमध्ये व्यापार करणाऱ्या शान्शीच्या लोकांना गावी चांदी पाठवायची, तर सशस्त्र रक्षकांचा तांडा सोबत द्यावा लागे. त्यात खर्च मोठा आणि लुटीचे भय कायमचे. तेव्हा ओळखीचे व्यापारी बीजिंगच्या शाखेत चांदी जमा करून पिंगयाओमध्ये ती उचलू लागले. या सोयीत स्वतंत्र व्यवसाय दडला आहे, हे पेढीचा व्यवस्थापक लेइ ल्युताय याने ओळखले. ली घराण्यातील मालकाच्या भांडवलावर १८२३ मध्ये ‘रिशंगचांग’ ही हुंडीची पेढी सुरू झाली. उगवत्या सूर्याप्रमाणे भरभराट, असा या नावाचा आशय आहे.

पुढे पिंगयाओ आणि शेजारची छीशियन व थायकू ही गावे मिळून चीनच्या हुंडी व्यवसायाचे केंद्र बनले. एकट्या पिंगयाओत वीसहून अधिक पेढ्यांची मुख्यालये होती.

कागदावरचा विश्वास

रिशंगचांगची मूळ वास्तू पश्चिम रस्त्यावर असून १९९५ पासून तेथे संग्रहालय आहे. एकामागे एक चौक, पुढे व्यवहाराच्या खिडक्या आणि मागे हिशेबाच्या व मुक्कामाच्या खोल्या, अशी वास्तूची मांडणी आहे. बँकेत काम केलेल्या व्यक्तीचे लक्ष वेधतात त्या मात्र तेथील कार्यपद्धती.

हुंडीच्या कागदात जलचिन्ह असे. हुंडी लिहिण्याचे काम नेमून दिलेल्या लेखनिकाकडेच असे आणि त्याच्या हस्ताक्षराचे नमुने सर्व शाखांकडे पाठविलेले असत. रक्कम व तारीख यांच्यासाठी अंकांऐवजी सांकेतिक चिनी अक्षरे वापरली जात. बारा महिन्यांसाठी ठरविलेली बारा अक्षरे ओळीने वाचली असता बनावट हुंडीपासून सावध राहण्याचा इशारा देणारे वाक्य तयार होई. ही अक्षरेही मधूनमधून बदलली जात. आपल्याकडे तारेने रक्कम पाठविण्याच्या काळात ज्यांनी सांकेतिक अंक जुळवून पाहिले आहेत, अशा ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना यात आपल्याच कामाचे पूर्वरूप दिसेल.

मालक आणि व्यवस्थापक यांच्यातील कामाची विभागणीही लक्षणीय होती. मालकाने भांडवल पुरवावे आणि दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करू नये, असा दंडक होता. अनुभवी कर्मचाऱ्यांना त्यांच्या श्रमाबद्दल नफ्यात हिस्सा मिळे आणि काही वर्षांच्या अंतराने हिशेब करून तो वाटला जाई. त्या बदल्यात शिस्त कठोर होती. दूरच्या शाखेवर नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याला साधारण तीन वर्षे घरी येता येत नसे आणि कुटुंबही बरोबर नेता येत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी बँका स्थापन झाल्या आणि हुंडीच्या पेढ्यांच्या हातून शासकीय पैशाचे व्यवहार जाऊ लागले. १९११ च्या क्रांतीच्या धामधुमीत ठेवीदारांनी रकमा परत मागितल्या, तर दिलेली कर्जे वसूल होईनात. मालकांची जबाबदारी अमर्याद असल्याने घराणीही बुडाली. १९१४ मध्ये रिशंगचांगचे दिवाळे निघाले.

गावाचे वैभव ओसरले. नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही, म्हणूनच जुने वाडे टिकले. पुढे १९८०च्या सुमारास विकासाच्या योजनेत रस्ते रुंद करण्यासाठी जुन्या गावावर कुऱ्हाड येणार होती. शांघायच्या थोंगची विद्यापीठातील नगररचनाकार रुआन यीसान यांनी जुने गाव राखून नवी वस्ती तटाबाहेर वसविण्याची योजना आखली आणि ती अधिकाऱ्यांच्या गळी उतरविली. १९९७ मध्ये युनेस्कोने पिंगयाओचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

हा इतिहास ध्यानात ठेवणे पर्यटकाला आवश्यक आहे. कारण हे गाव काचेआड मांडलेले नाही. हजारो माणसे तटाच्या आत राहतात, मुले शाळेत जातात, वृद्ध दाराशी बसून ऊन खातात. पाहुण्यांच्या वर्तनाचा भार या माणसांवर आणि या वास्तूंवर पडतो.

केव्हा व कसे जावे

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने हवामानाच्या दृष्टीने सुखद असतात. हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. चिनी नववर्षाची सुट्टी, मे महिन्याचे पहिले दिवस आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा. त्या दिवसांत अरुंद रस्त्यांवर पाऊल ठेवायलाही जागा नसते.

भारतीय पारपत्रधारकांना चीनचा व्हिसा घ्यावा लागतो. २०२० पासून बंद असलेली भारत व चीनमधील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. बीजिंग किंवा शीआन येथून वेगवान रेल्वेने पिंगयाओला जाणे सर्वांत सोयीचे. बीजिंगहून साधारण चार तास, तर शीआनहून तीन तास लागतात. वेगवान गाड्यांचे ‘पिंगयाओ कूछंग’ हे स्थानक जुन्या गावापासून काही किलोमीटर दूर आहे, तर ‘पिंगयाओ’ हे जुने स्थानक तटाच्या जवळ आहे. तिकीट काढताना ही दोन नावे नीट पाहून घ्यावीत. रेल्वेचे तिकीट पारपत्र क्रमांकावर दिले जाते. त्यामुळे प्रवासात मूळ पारपत्र जवळ असणे अनिवार्य आहे. छायाप्रत चालत नाही.

चीनमध्ये सर्वत्र एकच प्रमाणवेळ असून ती भारताच्या अडीच तास पुढे आहे. अडचणीच्या वेळी पोलिसांसाठी ११०, अग्निशमन दलासाठी ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी १२० हे क्रमांक आहेत.

पैशाची व्यवस्था

हुंडीच्या या गावात आज भाजीवालाही भ्रमणध्वनीवरून पैसे स्वीकारतो. भारतातील यूपीआयवर तेथे विसंबून राहता येत नाही. मात्र अलीपे व वीचॅट या चिनी सेवांना परदेशी क्रेडिट वा डेबिट कार्ड जोडता येते. ही जोडणी भारतातच पूर्ण करून ठेवावी. कार्डाच्या पडताळणीसाठी येणारा सांकेतिक क्रमांक तेथेही मिळावा, म्हणून भ्रमणध्वनीची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू ठेवणे इष्ट.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड प्रथम केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा असतो. त्यासाठी आवश्यक तेवढीच मर्यादा ठेवावी आणि परतल्यावर ती सुविधा बंद करावी. परदेशात यंत्रावर ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असा पर्याय आल्यास स्थानिक चलन, म्हणजे युआन, निवडावे. रुपयांच्या पर्यायात रूपांतराचा दर बहुधा महाग पडतो.

थोडी रोकड जवळ असावीच. चिनी चलन कायदेशीर असल्याने दुकानदाराने ते स्वीकारणे अपेक्षित आहे. परंतु सुटे पैसे मिळतीलच असे नाही. म्हणून दहा व वीस युआनच्या नोटा घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचे परकीय चलन वापरता येते. प्रत्यक्ष नोटांच्या स्वरूपात मात्र प्रत्येक प्रवासासाठी सर्वसाधारण मर्यादा ३,००० डॉलर आहे. परतल्यावर २,००० डॉलरपेक्षा अधिक उरलेले चलन १८० दिवसांत बँकेकडे जमा करावे लागते. कर-संकलनाचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रवासापूर्वी आपल्या शाखेत चौकशी करणे श्रेयस्कर.

मुक्काम आणि भ्रमंती

तटाच्या आत अनेक जुन्या वाड्यांची रूपांतरे अतिथिगृहांत झाली आहेत. तेथे ‘खांग’ नावाचा विटांचा रुंद ओटा शय्या म्हणून वापरतात. पूर्वी त्याच्या पोटातून चुलीचा धूर व ऊब खेळविली जाई. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते. हे काम अतिथिगृह करते. म्हणून आरक्षण करतानाच परदेशी पाहुण्यांना प्रवेश आहे ना, याची खात्री करून घ्यावी. अतिथिगृहाचे नाव व पत्ता चिनी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात असली की वाहनचालकाशी बोलणे सोपे होते. गूगल व व्हॉट्सअ‍ॅप यांसारख्या सेवा चीनच्या स्थानिक जोडणीवर चालत नाहीत, हेही ध्यानात असावे.

जुन्या गावाच्या रस्त्यांवर हिंडण्यासाठी शुल्क नाही. तट, रिशंगचांग, जुने न्यायासन, कन्फ्यूशियसचे मंदिर आदी स्थळांसाठी एकत्रित तिकीट मिळते. कन्फ्यूशियस मंदिराचे मुख्य दालन ११६३ मधील आहे. या सर्व गोष्टी एका दिवसात उरकण्याऐवजी दोन रात्रींचा मुक्काम करावा. दिवसाच्या सहली परतल्यानंतरची सायंकाळ आणि दुकाने उघडण्यापूर्वीची सकाळ, या वेळी गावाचे खरे रूप दिसते.

तटापासून सुमारे सहा किलोमीटरवर शुआंगलिन मंदिर आहे. तेथे मातीच्या दोन हजारांहून अधिक रंगीत मूर्ती आहेत. ‘शुआंगलिन’ म्हणजे जोडवृक्षांचे वन. कुशीनगर येथे ज्या शालवृक्षांच्या जोडीखाली भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण झाले, त्यांचा हा निर्देश. येथील वेइथुओ या रक्षक देवतेची मूर्ती विख्यात आहे आणि वेइथुओचे मूळ भारतीय स्कंदात, म्हणजे कार्तिकेयात, मानले जाते. ईशान्येकडील झेनग्वो मंदिराचे लाकडी दालन इ. स. ९६३ मधील असून ते आजही उभे आहे.

वागण्याच्या रीती

पहिली रीत उंबरठ्याची. चिनी वाडे व मंदिरे यांचे उंबरठे उंच असतात. त्यांवर पाय न देता ते ओलांडून जावे. त्यांवर बसू नये. मराठी घरांतही उंबरठ्याचा मान राखला जातो, त्यामुळे ही रीत अंगवळणी पडण्यास वेळ लागत नाही. उघडे दार म्हणजे प्रवेशाचे आमंत्रण नव्हे. आत कोणाचे तरी घर असते. डोकावण्यापूर्वी स्मित करून खुणेने विचारावे आणि नकार आल्यास पुढे चालू लागावे.

छायाचित्रांबाबतही हाच नियम. वृद्ध व लहान मुले यांची छायाचित्रे अनुमतीशिवाय घेऊ नयेत. मंदिरांतील मूर्तींची छायाचित्रे घेण्यास अनेकदा मनाई असते. मनाई नसली तरी प्रखर प्रकाशझोत टाळावा, कारण शतकांपूर्वीच्या रंगांना तो सोसत नाही. तटाच्या चऱ्यांवर चढून बसू नये. ऑक्टोबर २०२१ मधील अतिवृष्टीत तटाचा काही भाग ढासळला होता. मातीच्या गाभ्याची ही भिंत दिसते तितकी अभंग नाही.

‘नी हाव’ म्हणजे नमस्कार आणि ‘श्ये श्ये’ म्हणजे धन्यवाद. ज्येष्ठांना ‘नीन हाव’ म्हणावे. मराठीतील ‘तुम्ही’सारखा तो आदरार्थी प्रयोग आहे. वाहनचालक व कारागीर यांना ‘शिफू’, म्हणजे उस्ताद, असे संबोधले जाते. दुकानदाराला ‘लाओबान’ म्हणतात. आपल्याकडील ‘शेठ’चाच हा भाऊ. एखाद्या आजींनी ‘जेवलात का?’ अशा अर्थाचा प्रश्न केला, तर ते जेवणाचे निमंत्रण समजू नये. खेड्यापाड्यांतील आपल्या विचारपुशीसारखाच तो प्रकार आहे. ‘हो’ म्हणून हसावे, एवढे पुरे.

पैसे, भेटवस्तू वा परिचयपत्र दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे. घड्याळ भेट देऊ नये, कारण ‘घड्याळ देणे’ या शब्दांचा उच्चार अंत्यसमयी निरोप देण्याच्या शब्दप्रयोगासारखा होतो. बक्षिशीची प्रथा सर्वसाधारणपणे नाही. ठेवलेली नाणी विसरली असे समजून ती परत देण्यासाठी कोणी मागे धावत आल्यास आश्चर्य वाटू देऊ नये. राजकीय विषय व सीमाप्रश्न यांवर अनोळखी व्यक्तींशी चर्चा टाळणे शहाणपणाचे.

भोजन

शान्शी हा गव्हाचा आणि नूडल्सचा प्रांत आहे. पिठाच्या गोळ्यावरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात काप पाडून केलेल्या नूडल्स, ओटच्या पिठाच्या मधाच्या पोळ्यासारख्या रचलेल्या सुरळ्या आणि मुरवलेला काळसर शिर्का ही येथील वैशिष्ट्ये. पिंगयाओची ख्याती खारवलेल्या गोमांसासाठीही आहे. शाकाहारी पर्यटकांनी याची जाणीव ठेवावी. केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने काम भागत नाही, कारण रस्सा बहुधा मांसाचाच असतो आणि चरबीचाही वापर होतो. कोणकोणते पदार्थ चालत नाहीत, याची चिठ्ठी चिनी भाषेत लिहून घ्यावी. मांस, मासे, अंडी, रस्सा, चरबी आणि आवश्यक असल्यास कांदा-लसूण यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख असावा. चिठ्ठी आदेशाच्या स्वरात न दाखवता विनंती म्हणून दाखवावी. खायचे पाणी उकळलेलेच घ्यावे. बहुतेक खोल्यांत विजेची किटली असते.

जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचू नयेत. मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांचे ते रूप मानले जाते. काडीने कोणाकडे निर्देश करू नये. यजमान पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढतच राहतो. ताटात थोडे शिल्लक ठेवल्यास पोट भरले, असा संदेश त्याला मिळतो.

खरेदी

हाताच्या तळव्याने घासून चकाकी आणलेल्या लाखेच्या पेट्या ही पिंगयाओची परंपरागत कला आहे. घासाघीस करण्यास हरकत नाही. परंतु आपण सांगितलेला भाव दुकानदाराने मान्य केल्यावर माघार घेणे असभ्य समजले जाते. चिनी लोक एका हाताच्या बोटांनी दहापर्यंतचे आकडे दाखवतात. अंगठा व तर्जनी पुढे केली तर तो आकडा दोन नसून आठ असतो. अंगठा व करंगळी म्हणजे सहा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्यांच्या मुलुखातून आलेल्या पाहुण्याला ही बोटांची भाषा लवकर उमगेल. ‘पुरातन’ म्हणून विकली जाणारी नाणी बहुधा अलीकडचीच असतात आणि खरोखरीच्या पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. म्हणून अशा वस्तूंच्या मोहात पडू नये.

रिशंगचांगच्या खिडकीशी उभा राहणारा ग्राहक आपली चांदी अनोळखी माणसाच्या हाती देई आणि कागद घेऊन निघून जाई. त्या कागदामागे ना सरकारची हमी होती, ना न्यायालयाची. पेढीची पत हाच त्याचा आधार. ती पत शाखेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या रोजच्या वागण्यातून उभी राहिलेली होती, आणि संकटकाळी ती ओसरली तेव्हा मोठमोठी घराणी कोसळली. या गावात येणारा परदेशी पाहुणाही असाच अनोळखी असतो. त्याची भाषा कोणाला कळत नाही. त्याची ओळख त्याच्या वर्तनावरूनच ठरते. उंबरठा ओलांडताना, छायाचित्रासाठी अनुमती मागताना आणि ठरलेला भाव पाळताना जी पत जमा होते, तिचा लाभ त्याच्यामागून येणाऱ्या पुढच्या भारतीय पाहुण्याला मिळतो.